गुजरीतला कॅमेरा

वाडा पाडायचा ठरला की प्रथम माळा उतरतो. आमच्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या जुन्या वस्त्यांतून गेली काही वर्षे हा प्रसंग वरचेवर पाहावयास मिळतो. तांब्याचे घंगाळ धाकट्या सुनेकडे जाते, समया भावाभावांत वाटल्या जातात, पोथ्यांचे काय करावे याबद्दल दोन दिवस खल होतो. आणि मग अगदी तळाशी, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली एक काळी पेटी निघते. तिच्यावर ‘आगफा क्लिक थ्री’ अशी अक्षरे असतात. घरातील तरुण मंडळी ती उघडूनही पाहत नाहीत. रद्दी आणि लोखंडी पलंगाबरोबर ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाते, आणि तेथून बहुधा त्याच आठवड्यात बाजारात येते.

ही पेटी बडोद्याचीच लेक आहे, हे आता पुष्कळांना ठाऊक नसते. आगफा हे नाव जर्मन खरे. परंतु आपल्या देशात घरोघरी पोहोचलेला हा ‘क्लिक थ्री’ तयार होत असे तो येथे, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात. साधे भिंग, शटरचा वेग एकच, आणि ऊन की ढग एवढाच काय तो प्रश्न. एका रोलवर चौकोनी अशी बारा छायाचित्रे. त्या बारांत मुंज, मंगळागौर, सुरसागराच्या काठी उभे केलेले पाहुणे आणि नव्या सायकलीवर बसविलेला मुलगा असे सगळे वर्ष मावत असे. बारांतली नऊ नीट निघाली तर वडील मंडळी समाधान पावत. उरलेल्या तिहींत कुणाचे डोके तुटलेले असे, कुणाचे डोळे मिटलेले. तरी तीही अल्बमात काळ्या कोपऱ्यांत खोचली जातच.

त्या काळी चांगला परदेशी कॅमेरा बाजारात जाऊन विकत घ्यावा अशी सोय मध्यमवर्गाला नव्हती. आयातीवर निर्बंध होते, जकात जबर होती. उटकमंडला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म मिळे, ती आपली, सोव्हिएत रशियाशी रुपयांत व्यवहार असल्यामुळे ‘झेनिट’सारखे वजनदार रशियन कॅमेरे मिळत, बाकीचे सारे कुणा नातेवाइकाच्या सामानातून यावयाचे. गुजरातेत तर पूर्व आफ्रिकेचा मोठा संबंध. १९७२ मध्ये युगांडातून हिंदी लोकांना बाहेर पडावे लागले. त्यानंतर कितीतरी कुटुंबांच्या पेट्यांतून रोलीफ्लेक्स, रेटिना, क्वचित एखादा लायका या बाजूला आला असला पाहिजे. आज तीच पिढी मागे सरली आहे, आणि तिचे कॅमेरे पुन्हा रस्त्यावर आले आहेत.

रस्त्यावर म्हणजे मुख्यतः अहमदाबादच्या रविवारीत. ‘रविवारी’ हे बाजाराचे नाव. दुसरे नाव गुजरी. कोल्हापूरकर पाहुण्यांना आम्ही प्रथम ‘गुजरीत जाऊ’ म्हणालो तेव्हा त्यांच्या सौभाग्यवतींनी लगबगीने पर्स उचलली, कारण त्यांच्याकडे गुजरी म्हणजे सराफांची पेठ! येथील गुजरी निराळी. सुलतान अहमदशहाच्या काळापासून ती भरते अशी परंपरा सांगतात. साबरमतीच्या पूर्व काठावर, १८९२ च्या एलिस पुलाच्या आश्रयाने ती वर्षानुवर्षे वाळूत आणि मातीत भरत आली. नदीकाठाचे रूप पालटले तेव्हा २०१४ च्या सुमारास तिला बांधीव जागा मिळाली. खाटा, कुलपे, पंख्यांची पाती, शिवणयंत्रे, परीक्षांची जुनी पुस्तके, बकऱ्या आणि कोंबड्या. या साऱ्यांच्या मध्ये एखाद्या गोणपाटावर, नळाच्या तोट्यांशेजारी, कॅमेरे मांडलेले असतात. बडोद्याहून अहमदाबाद शंभर किलोमीटरांवर. पहाटेची गाडी पकडली तर उन्हापूर्वी पोहोचता येते, आणि उन्हापूर्वी पोहोचणे अगत्याचे. कारण चांगला माल सकाळी जातो आणि दुपारी उरते ते केवळ उन्हात तापलेले प्लास्टिक.

अशा बाजारांना परदेशांत निराळी प्रतिष्ठा आहे. पॅरिसजवळच्या बिएव्हर नावाच्या गावी १९६४ पासून जुन्या कॅमेऱ्यांची जत्रा भरते. इंग्लंड-अमेरिकेत सभागृहे भाड्याने घेऊन, मेजे मांडून, प्रवेशशुल्क ठेवून संग्राहक आपापसांत देवघेव करतात. वेट्झलारला २०२२ साली झालेल्या लिलावात ऑस्कर बारनाक यांचा स्वतःचा १०५ क्रमांकाचा लायका १ कोटी ४४ लक्ष युरोंना गेला. ही बातमी कशी कोण जाणे, गुजरीतही पोहोचली. आणि त्यानंतर कित्येक महिने कोणत्याही काळ्या डब्याची किंमत विचारली की विक्रेता गंभीर चेहरा करून, “साहेब, जर्मन छे,” असे सांगू लागला. तो डबा जपानी असो की जालंधरी.

फिल्मचा काळ संपला असे आम्हीही एकदा धरून चाललो होतो. कोडॅक्रोमचे उत्पादन २००९ मध्ये थांबले, कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, उटकमंडचा कारखानाही बंद पडला. त्या सुमारास गुजरीत कॅमेरे किलोवर विकले जाताना आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहेत. पुढे वारे कसे फिरले हे सांगणे कठीण. पण मोबाइलवर दिवसाला शंभर छायाचित्रे काढणारी मुलेच बारा छायाचित्रांच्या पेटीकडे वळली. २०२४ मध्ये पेंटॅक्सने फिल्मचा नवा कॅमेरा बाजारात आणला, यावरून मागणीची कल्पना यावी. १२० क्रमांकाची फिल्म १९०१ पासून आजतागायत मिळते आहे, त्यामुळे बडोद्याचा क्लिक थ्री आजही चालतो. फक्त आजच्या एका रोलच्या पैशांत त्या वेळी असे कितीतरी कॅमेरे आले असते.

घ्यावयाचा कसा, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण माळे उतरविताना ही माहिती विकणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

कॅमेरा हाती घेण्यापूर्वी नाकाशी न्यावा. कुबट वास आला तर आत बुरशी असण्याचा संभव फार. मग मागचे झाकण उघडून, शटर उघडे ठेवून, भिंगातून छोट्या विजेरीचा झोत तिरका टाकावा. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. सुरुवातीची असेल तर जाणकार कारागीर ती पुसून काढतो. परंतु तिने भिंगावरील लेप खाल्ला असेल तर काच कायमची कोरली जाते. आपल्याकडील पावसाळा हे याचे मूळ, आणि गंमत अशी की आपण ज्या चामडी पेटीत कॅमेरा जिवापाड जपून ठेवतो ती पेटीच ओल धरून बुरशीला पोसते. आमच्या ओळखीच्या एका घरी असा कॅमेरा तीस वर्षे पेटीत, पेटी कापडात, कापड ट्रंकेत, आणि ट्रंक पलंगाखाली होती. त्यातून पलीकडचे काही दिसत नव्हते. त्यापेक्षा उघड्या फडताळात पडलेले कॅमेरे पुष्कळदा निर्मळ निघतात.

पिवळे पडलेले भिंग पाहून मात्र घाबरू नये. पेंटॅक्सच्या काही जुन्या ताकुमार भिंगांच्या काचेत थोरियम घातलेले असे. कालांतराने ती चहाच्या रंगाची होते. काही दिवस उन्हात ठेवली की हा पिवळेपणा बराचसा उतरतो. हे ज्ञान असलेल्याने गुजरीत नाक मुरडून पिवळे भिंग स्वस्तात घ्यावे आणि गच्चीवर पापडांशेजारी ठेवावे, असा एक प्रघात आहे. आमच्या घरी पापड राखण्यास बसणाऱ्या आजींना तो मान्य नव्हता.

घडीच्या कॅमेऱ्याचा भाता अंधाऱ्या खोलीत तपासावा. आत विजेरी लावली की घडीच्या कोपऱ्यांतील टाचणीएवढी भोके आकाशातल्या नक्षत्रांसारखी चमकतात. दिसावयास सुंदर, फिल्मला घातक. मागच्या झाकणाच्या कडेला लावलेला फेस जुना झाला की डांबरासारखा चिकट होतो. तो बदलणे सोपे आणि स्वस्त. विजेरीचे घट मात्र त्रास देतात. साठ-सत्तरच्या दशकांतील कित्येक कॅमेऱ्यांचे प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पारायुक्त घटावर चालत. पाऱ्यामुळे ते घट बंद झाले, आणि आजचा दीड व्होल्टचा घट घातला की काटा धडधडीत खोटे बोलतो. विक्रेता काटा हलवून दाखवितो, गिऱ्हाईक खूश होते. काटा हलणे आणि काटा खरे सांगणे यांत फरक आहे. ६२० क्रमांकाच्या फिल्मचे कॅमेरे दिसावयास देखणे असतात, परंतु कोडॅकने ती फिल्म १९९५ मध्ये बंद केली. आता १२० ची फिल्म अंधारात त्या बारीक रिळावर गुंडाळून घेण्याची चिकाटी असेल त्यानेच ते घ्यावेत.

आणि शटर. शटर डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासावे. १/१२५ आणि १/५०० हे वेग सगळेच ‘टक्’ असे वाजतात, त्यांवरून काही कळत नाही. एक सेकंदाचा वेग लावावा आणि ऐकावे: आतील चक्रांचा बारीक घर्रर्र असा सलग आवाज यावा आणि नेमका संपावा. तो मध्येच दम खाऊ लागला तर आतील तेल गोंद झालेले आहे असे समजावे. थंडीच्या सकाळी हा दोष अधिक प्रकटतो.

हा परिच्छेद आम्ही विनाकारण लांबविलेला नाही. त्याचा उलगडा पुढे होईल.

फसवणुकीचे प्रकार अनेक, पण त्यांतला एक रसिक आहे. युक्रेनमधील खारकीव्ह येथे १९३४ पासून ‘फेड’ नावाचा कॅमेरा निघे. तो लायकाची हुबेहूब नक्कल. तो तयार करीत ती मुले एके काळची बेवारस आणि उनाड. त्यांच्या वसाहतीचे प्रमुख होते मास्तर-मंडळींना परिचित असलेले माकारेंको. शिक्षणशास्त्राच्या तासाला ज्यांचे नाव वाचले, त्यांच्या मुलांनी केलेला कॅमेरा गुजरीत हाती यावा याचा आम्हांस कोण आनंद झाला! परंतु तो ‘फेड’ म्हणून विकावयास ठेवलेला नव्हता. कुणीतरी मूळ अक्षरे घासून त्यावर ‘लायका’ असे कोरले होते आणि वर सोनेरी मुलामा चढविला होता. पारख अशी की भिंग फिरवून काढावे आणि आत वरच्या बाजूला पाहावे. तेथे जो अंतरमापकाचा दांडा असतो त्याच्या टोकाला खऱ्या लायकात गोल चाक असते. फेड आणि झोर्कीत चोचीसारखी पट्टी असते. आम्ही हे दाखविल्यावर विक्रेता मुळीच ओशाळला नाही. “तर मग साहेब, रशियन भावाने घ्या,” म्हणाला. आम्ही घेतला.

भावाबद्दल थोडे सांगितले पाहिजे. अज्ञानी विक्रेत्याला फसवू नये, हे बोलावयास सोपे आहे. गुजरीत मात्र प्रश्न एवढा सरळ येत नाही. विक्रेत्याने तो डबा भंगारवाल्याकडून पन्नास रुपयांना घेतलेला असतो, तो पाचशे सांगतो, आपण तीनशेला मागतो. आणि आपल्याला ठाऊक असते की मुंबईच्या बोरा बाजारात किंवा दिल्लीच्या चांदणी चौकात याचे आठ हजार सहज येतील. त्याला सांगावे काय? आम्ही सहसा सांगत नाही. त्याची उपजीविका डोळ्यांवर आणि आमची हौस पुस्तकांवर चालते, हा ज्याच्या त्याच्या विद्येचा मोबदला, असे आम्ही मनाला समजावतो. घरमालकच कॅमेरा घेऊन बसलेला असेल तर मात्र सांगतो. एकदा एक वृद्ध गृहस्थ पतीचा नव्हे, आपल्या दिवंगत थोरल्या बहिणीचा रोलीफ्लेक्स घेऊन कडेला उभे होते. “होमाईबेन वापरायच्या तसाच आहे,” एवढेच त्यांना माहीत होते. होमाई व्यारावाला, देशातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, उत्तरायुष्यात बडोद्यास राहिल्या आणि जानेवारी २०१२ मध्ये येथेच वारल्या; त्यामुळे या भागात रोलीफ्लेक्सला त्यांच्या नावाचा टेकू मिळतो. त्या गृहस्थांना आम्ही खरा भाव सांगितला, आणि अर्थातच मग तो कॅमेरा आम्हांस परवडला नाही.

एवढ्या साऱ्या सचोटीच्या गोष्टी लिहिल्यावर आता आमचीच गोष्ट लिहिणे भाग आहे.

बडोद्यातील आम्ही काही छांदिष्ट मंडळी दर दोन-तीन महिन्यांनी एका स्नेह्यांच्या जुन्या घराच्या ओसरीवर जमतो. सतरंजी अंथरायची, ज्याने त्याने नको असलेले मांडायचे, हवे असलेले उचलायचे. कधी पैसे, कधी अदलाबदल. मध्ये चहा आणि शेव-उसळ. विक्रेते आणि गिऱ्हाईक तेच ते असल्याने येथे भाव वाजवी असतात आणि शब्दावर व्यवहार होतो. २०१६ च्या जानेवारीत आम्ही तेथे आमचा याशिका मॅट १२४-जी मांडला. दोन भिंगांचा, वरून खाली पाहावयाचा, १९८६ पर्यंत निघत असलेला भक्कम कॅमेरा. कोल्हापूरकडून येथे चित्रकला शिकावयास आलेला एक विद्यार्थी आला होता. त्याने कॅमेरा हाती घेतला तेव्हाच तो त्याचा झाला आहे, हे आम्ही ओळखले. किंमत सहा हजार. शिकवण्या करून साठविलेले पैसे त्याने खिशातून चार ठिकाणांहून काढले.

आम्ही त्याला शटर वाजवून दाखविले. १/१२५ वर दाखविले, १/२५० वर दाखविले. एक सेकंदावर दाखविले नाही. थंडीत ते अडकते, हे आम्हांस त्याच महिन्यात दोनदा कळले होते. खोटे एक अक्षर बोललो नाही. त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही.

पुढच्या महिन्यात तो मुलगा अडालजची वाव पाहावयास गेला. १४९९ ची ती पाच मजली विहीर. खालच्या मजल्यांवर ऊन क्वचितच उतरते, तेव्हा कोरीव खांब टिपायचे तर तिपाईवर कॅमेरा ठेवून एक-एक सेकंद प्रकाश द्यावा लागतो. पहाटे निघून, बस बदलून, तिपाई खांद्यावर घेऊन तो गेला. शटर उघडले ते उघडेच राहिले. त्याला ते पहिल्या वेळी कळले नाही, दुसऱ्या वेळी शंका आली. रोल धुतल्यावर बारांपैकी नऊ पट्ट्या काळ्याठिक्कर.

त्या पट्ट्या घेऊन तो आमच्या घरी आला. रागावलेला नव्हता. चहा घेतला, पट्ट्या खिडकीच्या उजेडात धरून दाखविल्या, आणि मग म्हणाला, “सर, तुम्हांला हे माहीत होतं का?”

आम्ही म्हणालो, “छे रे! माझ्याकडे तर व्यवस्थित चालत होता.”

“असेल. वाटेत धक्का लागला असेल,” असे म्हणून तो उठला. दारापर्यंत पोचवून आम्ही आत आलो. सौ. स्वयंपाकघरातून सर्व ऐकत होत्या. डिसेंबरात शटर अडकले तेव्हा वैतागून आम्ही जे काही बोललो होतो तेही त्यांनी ऐकलेले होते. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त त्याची कपबशी उचलून नेताना क्षणभर थांबल्या. तीस-पस्तीस वर्षे वर्गावर घालविलेल्या माणसाला मुले खोटे बोलताना कशी दिसतात हे ठाऊक असते. ती दिसतात तसेच आम्ही त्या वेळी दिसलो असणार.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही त्याच्या खोलीवर गेलो. तो खरकटी भांडी घाशीत होता. उभ्या उभ्याच सांगितले, “मला माहीत होतं. सहा हजार आणले आहेत, कॅमेरा परत दे.” त्याने हात पुसले, थोडा विचार केला. कॅमेरा परत देण्यास तो तयार नव्हता. “दुरुस्तीचे द्या, सर. आणि त्या रोलचे,” एवढेच म्हणाला. जुन्या घड्याळांचे काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने ते शटर उघडून धुतले, चक्रांना पुन्हा नवे तेल दिले आणि बाराशे रुपये घेतले. रोलचे आणि बसभाड्याचे धरून आम्ही सतराशे दिले. तो अडालजला पुन्हा गेला तेव्हा आम्हांस बोलावले नाही. आम्हीही सुचविले नाही.

ओसरीवरच्या पुढल्या बैठकीत आम्ही हे सारे सांगितले. काही जण हसले, एक-दोघे गप्प झाले. त्या गप्प झालेल्यांपैकी एकाने घरी जाऊन आपण आधी विकलेल्या भिंगाच्या गिऱ्हाइकाला फोन केला, असे मागाहून कळले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर काय चालते हे लिहावयाचे नाही, काय चालत नाही एवढेच लिहावयाचे. ‘एक सेकंद अडकतो.’ ‘काटा खोटा.’ ‘खालच्या कोपऱ्यातून उजेड शिरतो.’ ‘कशी आहे ठाऊक नाही, भावाने दिली.’ चिठ्ठ्या आल्यापासून भाव पडतील अशी भीती होती. ते पडले नाहीत, उलट बाहेरगावचे लोक येऊ लागले.

२०२३ च्या दिवाळीनंतरच्या बैठकीला तो मुलगा आला. आता तो मुलगा राहिला नव्हता. दाढी होती, अहमदाबादेस नोकरी होती. सतरंजीवर त्याने तोच याशिका मांडला. चिठ्ठीवर त्याच्या सुवाच्य अक्षरात लिहिले होते: ‘शटर २०१६ मध्ये धुतलेले. प्रकाशमापक बंद. मालक तिसरा.’ आम्ही कॅमेरा उचलला, चाप ओढला, एक सेकंदावर लावला, कानाशी धरला. आवाज सलग होता.

“किती?”

“चौदा हजार, सर.”

“अरे, मी सहाला दिला होता.”

“हो सर. तेव्हा अडकत होता.”

ओसरीवर एकच हशा उसळला. आम्ही बारा म्हणून पाहिले, साडेबारा म्हणून पाहिले. त्याने एक रुपयाही कमी केला नाही. घरी आल्यावर सौ.नी चिठ्ठी वाचली, किंमत विचारली, आणि कॅमेरा चामडी पेटीतून काढून फडताळात उघड्यावर ठेवला.